सनईखालचं वाक्य

लवू गावडे टीव्हीवर बोलले, हे अंधेरीच्या त्या चाळीत प्रत्येकाला माहीत होतं. काय बोलले, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

झालं होतं असं, की तेव्हा टीव्हीवर फोटोग्राफीवरचे माहितीपट लागायचे. दर आठवड्याला एक. एका भागात अंधेरी स्टेशनजवळच्या एका स्टुडिओतली फोटो धुवायची डार्करूम दाखवणार होते, आणि त्या स्टुडिओची डार्करूम म्हणजे लवू गावडे. चाळीत टीव्ही एकच, वनमालाबाईंचा, लाकडी दारांचा. त्या संध्याकाळी वनमालाबाईंच्या खोलीत सगळी चाळ कोंबली होती. पलंगावर बायका, पलंगाखाली पोरं, खिडकीच्या गजांना बाहेरून लटकलेले चौघे. लवूकाका स्वतः मात्र दाराशी, चपला काढायच्या जागेवर. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

आणि पडद्यावर त्यांचा चेहरा आला.

"अरे, लवूकाका!"

"गावडे! आपले गावडे!"

"अगं, तो शर्ट बघ, मी शिवलेला!"

"शिट्टी मार ना रे, बघतोस काय!"

शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, कुणीतरी डब्यावर चमचा बडवला. पडद्यावरच्या लवूकाकांचे ओठ हलत होते. गलका शमला तेव्हा तिथे कुणी चष्मेवाले गृहस्थ भिंगांविषयी सांगत होते.

"काका, काय म्हणालात हो तुम्ही?"

लवूकाका चपलांकडे बघत म्हणाले, "काय नाय रे. ते बोला म्हणाले, मी बोललंय."

वर्ष उलटायच्या आत लवूकाका गेले. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली, संपलं.

त्यांची एकुलती एक मुलगी नलिनी. त्या संध्याकाळी ती वनमालाबाईंकडे नव्हतीच. लग्नानंतरचा पहिला गणपती, तेव्हा ती कुडाळला सासरी मोदक वळत होती. परत आल्यावर बाबांनी तिलाही 'काय नाय' म्हणून टाळलं, तेव्हा तिने आईला, सुगंधाबाईंना, खोदून खोदून विचारलं होतं.

"माका काय एक आयकूक येवक नाय गो."

"पण तू तर सगळ्यांच्या पुढे बसली होतीस!"

"बसलेलंय. पण मी टीव्हीत खय बघत होतंय? मी ह्यांच्याकडे बघत होतंय. टीव्हीत स्वतःक बघताना ह्यांचा तोंड कसा होता, ता बघत होतंय."

"कसं होतं?"

सुगंधाबाई जराशा हसल्या. "देवळात पयल्यांदा इलेल्या पोरासारख्या."

हे सगळं नलिनीने मनाच्या माळ्यावर टाकून दिलं आणि ती संसाराला लागली. मुलुंडला बिऱ्हाड, तिथल्याच एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला नोकरी, एक मुलगी. कंपनीत नलिनीची ख्याती होती ती नकलांसाठी. सुपरवायझर खोकून कसे बोलतात, मालकांची बहीण नाकातून 'गर्ल्स' कशी म्हणते, कँटीनचा अण्णा बिलाच्या वेळी मराठी कसा विसरतो, हे तिने एकदा केलं की ऐकणारीचा डबा हातातून सुटायचा. ज्याचा आवाज एकदा कानावर पडला, तो हिच्या गळ्यात जाऊन बसलाच म्हणून समजा.

एका रविवारी तिची मुलगी सुलक्षणा म्हणाली, "आई, आजीसारखं बोल."

नलिनी बोलली. पोरगी लोळून हसली.

"आता वनमालामावशी."

ती केली.

"आता आजोबा. आजोबा कसे बोलायचे?"

नलिनीने तोंड उघडलं. आणि गळ्यातून काहीच येईना. चेहरा समोर लख्ख उभा होता. स्टुडिओतल्या माणसाच्या घरी फोटोंना काय तोटा? फोटो धुवायच्या रसायनांनी पिवळी-तपकिरी झालेली नखं दिसत होती, अंधारातून उन्हात आल्यावर मिचकावलेले डोळे दिसत होते. आवाज नव्हता. तिने 'नलू' म्हणून पाहिलं. तो तिच्या नवऱ्याचा आवाज झाला. पुन्हा म्हणून पाहिलं, तर तो सुपरवायझरचा.

"बोल ना, आई."

"थांब गं," नलिनी म्हणाली आणि उठून उगाच डाळीला फोडणी द्यायला गेली. दहा वर्षांत बाबांचा आवाज डोक्यातून पुसला गेला होता आणि तिला त्याचा पत्ताही लागला नव्हता. जगात तो आता एकाच जागी असेल तर असेल, त्या टीव्हीवरच्या वाक्यात.

तसे लवू गावडे घरातसुद्धा फार बोलणारे नव्हते. जन्मभर त्यांनी एक बंद दार सांभाळलं. स्टुडिओत मागच्या बाजूला ते दार होतं, वर लाल दिवा. नलिनी लहानपणी डबा घेऊन जायची, आणि त्या दाराला कान लावून उभी राहायची. आतून फक्त पाण्याचा आवाज. एकदा तिने कडीला हात लावला तेव्हा बाबा बाहेर येऊन खाली बसले, तिच्या उंचीला आले आणि कुजबुजले, "दार उघडलंस तर आतली माणसं मरतील हां." ती इतकी घाबरली, की पुढे मोठी झाली, कागदाला उजेड लागला की फोटो नासतो हे कळलं, तरी त्या दाराआड कधी गेली नाही. बाबा तिथे दिवसभर नेमकं काय करतात, हे तिने कधी पाहिलंच नाही.

स्टुडिओत आता रंगीत फोटोंचं मशीन आलं होतं आणि डार्करूमचं कोठार झालं होतं. तिथून तिला एवढंच कळलं, की ते माहितीपट बनवणारे जयवंत देऊळकर बोरिवलीला राहतात. ती गेली. देऊळकर बनियनवर होते, कुंडीतल्या तुळशीशी भांडत होते.

"गावडे? डार्करूमवाले गावडे?" त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. "अहो, त्यांच्या आठ शब्दांसाठी आमचा अख्खा दिवस गेला होता. बोलेचनात!"

"पण शेवटी काय बोलले?"

"ते मला आठवत असतं तर तुम्हाला चहा न पाजता सांगितलं असतं. बसा."

"टेप असेल ना तुमच्याकडे?"

"आमची कंपनी म्हणजे मी आणि एक टेबल. टेप परवडायच्या का नव्या? एक कार्यक्रम झाला, की त्याच टेपेवर दुसरा. माझ्या सगळ्या फोटोग्राफीवर आता कुणीतरी भाताच्या रोपांबद्दल बोलतंय." नलिनीचा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "पण थांबा! चार-पाच वर्षांपूर्वी टीव्हीवाल्यांनी त्यांच्याकडच्या प्रतीवरून ते भाग पुन्हा दाखवले, मग तीही पुसली. माझ्याकडे व्हीसीआर नव्हता, म्हणून घाटकोपरच्या बाळला सांगितलं, घेऊन ठेव. व्हिडिओ लायब्ररी आहे त्याची. त्याने घेतले होते."

"मग?"

"मग मी आणायला गेलोच नाही, आळशी माणूस. आणि बाळ लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात पडला."

बाळ भेटला तो गळ्यात वायरींचा हार घालून. नलिनीचं सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"ताई, वाट लागली ना! त्या कॅसेटींवर मी लग्नं चढवली. सीझन होता, कॅसेट मिळेना मार्केटला."

"सगळं गेलं?"

"सगळं कसं जाईल?" बाळचे डोळे चमकले. "कॅसेट तीन तासांची. लग्न दीड-दोन तासांचं. मागे शेपटी उरते ना! शेपटीला जुनं जे असेल ते तसंच राहतं. कोण बघतंय? वरात संपली की लोक टीव्ही बंद करतात."

"कुणाकुणाची लग्नं?"

बाळने बोटांवर मोजत मोजत नावं आठवली, आणि नलिनीची शोधमोहीम सुरू झाली. रविवार आला की ती निघायची. बाळ व्हीसीआर काखोटीला मारून बरोबर. आपण केलेल्या पापाचं तेवढंच प्रायश्चित्त, असं म्हणायचा, आणि लग्नघरी मिळणारा चिवडाही त्याला आवडायचा.

अडचण एकच होती, आणि ती त्या दोघांनी हिशेबात धरली नव्हती. शेपटीपर्यंत पोचायला लग्न ओलांडावं लागतं.

"कॅसेट जरा पुढे पळवू का?" पहिल्याच घरी नलिनीने विचारलं. ते घर मुलुंडच्याच भाऊ नावाच्या गृहस्थांचं आणि त्यांच्या पत्नी शेवंतीबाईंचं; कॅसेटवर त्यांच्या थोरलीचं लग्न होतं.

"पळवू?" शेवंतीबाईंचा हात पोह्यांच्या बशीत थांबला. "माझ्या मुलीचं लग्न पळवता?"

"तसं नव्हे हो..."

"दोन वर्षांत घरी कुणी नवीन माणूस आलं नाही बघायला. तुम्ही आलात आणि पळवताय! बसा निवांत. हा बघा, हा माझा भाचा. आता पडेल बघा. पडला!"

भाचा पडला. मंगलाष्टकं झाली. पंगत झाली. एकेका जेवणाऱ्याची ओळख झाली, कोण कुणाशी बोलत नाही आणि का, तेही झालं. वरात निघाली, गाडी वळली, पडद्यावर मुंग्या आल्या. भाऊ उठून बटण दाबणार, तेवढ्यात नलिनी ओरडली, "नको!"

मुंग्या फाटल्या आणि एक खोली दिसली. काळ्या-पांढऱ्यात. रिकामी खोली, खिडकीला काळा कागद, आणि त्या कागदाला एक बारीकसं भोक. कुणीतरी खोलीतला दिवा मालवला. सावकाश, समोरच्या भिंतीवर रस्ता उगवला. उलटा. माणसं डोकी खाली, पाय वर करून चालत होती. एक सायकलवाला छताला चाकं टेकवून गेला. दोरीवरचं धोतर खालून वर वाळत होतं. माहिती सांगणारा म्हणत होता, की इथे कॅमेरा नाही, यंत्र नाही, चित्र उजेडच काढतो. माणसाने फक्त अंधार पुरवायचा.

"खोटं आहे," भाऊ हळूच म्हणाले. पण ते उभेच होते. शेवंतीबाई उठल्या आणि त्यांनी टीव्हीच्या काचेला बोट लावून पाहिलं, त्या उलट्या सायकलवाल्याला.

"अहो, मग आपल्या खोलीतसुद्धा असेल हो रस्ता," त्या म्हणाल्या. "दुपारी खिडकी लावली की. आपण बघितलंच नाही कधी."

बाबांचा भाग नव्हता हा. पण घरी जाताना तिच्या अंगावर राहून राहून काटा येत होता. माणसाने फक्त अंधार पुरवायचा. बाबा जन्मभर स्टुडिओत जाऊन अंधार पुरवत होते आणि ती त्या दाराबाहेर भाजीपोळीचा डबा घेऊन उभी होती.

मग पुढची लग्नं. एका शेपटीला क्रिकेट निघालं, एकीला बातम्या, एकीला नुसत्याच मुंग्या. परक्या घरच्या हळदी नलिनीला पाठ झाल्या. कंपनीत ती आता विहिणींच्या नकला करायला लागली होती.

"शेवटचं एकच राहिलं, ताई," बाळ म्हणाला. "घाटकोपरचे कुंडलिकराव. त्यांच्या शकुचं लग्न."

त्या रविवारी सुगंधाबाई हटून बसल्या. "मी येतंय."

"आई, दोन तास लग्न बघावं लागतं."

"बघूया. लग्न काय वायट असता?"

कुंडलिकराव बेस्टच्या वर्कशॉपमधले, मूळचे अकोल्याकडचे. दारातच 'जयभीम' घातला, आत नेलं. त्यांची बायको चंपाबाई, माहेरपणाला आलेली शकु, तिचं तान्हं, सगळे ओळीने बसले. कॅसेट लागली. पांढऱ्या लुगड्यातल्या आज्या, पांढऱ्या साडीतली शकु, भंतेजी पंचशील देताहेत. आणि या सगळ्यावर सनई. नुसती सनई.

"बघा!" कुंडलिकराव बाळकडे बोट करून म्हणाले. "मी याला सांगितलं होतं, भीमगीतं टाक. यानं काय टाकलं? सनई! भंतेजींचे ओठ हलतात आणि आवाज सनईचा. माझ्या भावाचं भाषण होतं अर्ध्या तासाचं, तेही सनईत गेलं."

"ते बरंच झालं," चंपाबाई म्हणाल्या.

"काका, माझ्याकडे एकच म्युझिक कॅसेट होती तेव्हा," बाळ पुटपुटला.

लग्न संपलं. शकु पडद्यावर रडली, आणि इथे खाटेवर बसून स्वतःचं रडणं बघत हसली. मुंग्या आल्या. पण सनई थांबली नाही. मुंग्यांवरही सनई. मग मुंग्या निवळल्या आणि नलिनीने आईचा हात घट्ट धरला.

अंधारी खोली. ट्रे. ट्रेवर वाकलेला माणूस. चित्र काळं-पांढरं होतं, पण नलिनीला ती खोली लालच दिसत होती. माणसाने मान वर केली.

"बाबा," ती म्हणाली.

लवू गावड्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, संकोचाने ओठ ओले केले, आणि बोलायला लागले. आणि त्यांच्या तोंडून सनई ऐकू आली.

"अरे, बंद कर ती पिपाणी!" कुंडलिकराव ओरडले.

"काका, बंद कशी करू? आत आहे ती!" बाळ रडकुंडीला आला. "सनई लावून मी जेवायला गेलो असणार. लग्न संपलं तरी ती पुढे चालूच राहिली. ताई, माफ करा, याच्यावरपण चढली ती..."

नलिनी जाऊन टीव्हीला कान लावून बसली. जणू सनईच्या खाली कुठेतरी, तळाशी, ते वाक्य असेल. नव्हतं. ओठ हलत होते. पुन्हा एकदा ते बोलत होते आणि पुन्हा एकदा काही ऐकू येत नव्हतं. आधी चाळीचा गलका, आता ही सनई. तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं.

"बाजूक हो गो," मागून सुगंधाबाई म्हणाल्या. "माका दिसना नाय."

नलिनी सरकली. यावेळी सुगंधाबाई दुसरीकडे कुठे बघत नव्हत्या. पडद्यावर लवू गावड्यांनी बोलता बोलता हात वर केला आणि तपकिरी नखाचं बोट ओठांवर ठेवलं.

"गप रवा म्हणतत ते," सुगंधाबाई म्हणाल्या. मग एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "अरे देवा! ते बिचारे सगळ्यांका गप रवा म्हणतत, आणि आमी शिट्ट्यो मारल्यो!"

आणि त्याच क्षणी खट् झालं. बाळने चढवलेली सनई तिथे संपली होती; पुढे मूळचाच आवाज होता.

खोलीत इतकी शांतता पसरली, की पंख्याचा आवाज नकोसा वाटला. कुंडलिकराव उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. टीव्हीतून पाण्याचा आवाज येत होता. चुळुक, चुळुक. लवू गावडे ट्रेचं एक टोक उचलत होते, टेकवत होते. दाराला कान लावून ऐकलेलं तेच पाणी. नलिनी आज दाराच्या आत होती.

ट्रेमध्ये कोरा पांढरा कागद. काहीच नाही. चुळुक. काहीच नाही. मग कुठूनतरी, कुणी न काढलेली, एक भुवई आली. दुसरी. त्यांच्याखाली डोळे, आणि ते डोळे सरळ बघायला लागले. केसांचा भांग आला, नाक आलं, शर्टाची कॉलर. एक साधा पासपोर्टचा फोटो, कुणा अनोळखी माणसाचा. पण शून्यातून माणूस येत होता. शकुचं तान्हंसुद्धा तिकडे टक लावून होतं. लवू गावड्यांनी श्वास रोखून धरला होता, दिसत होतं ते, आणि कुंडलिकरावांच्या घरात कुणीच श्वास घेत नव्हतं. असे हजारो चेहरे त्यांनी पाण्यातून वर आणले असतील. तरी तो माणूस असा बघत होता, की जगात हे पहिल्यांदाच घडतंय.

आणि मग ते बोलले. कॅमेऱ्याशी नाही, देऊळकरांशी नाही. त्या कागदाशी. लोकांपुढे जपून वापरायची ती शुद्ध मराठी, तिच्यातलं 'आला', विसरून.

"इलो. बघ... इलो."

घोगरा आवाज, शेवटाला किंचित वर जाणारा. मग चष्मेवाले गृहस्थ आले आणि भिंगांविषयी सांगू लागले.

नलिनी तशीच जमिनीवर बसून होती. ती शोधत होती तो घरातला आवाज होता, 'नलू, पाणी दी' म्हणणारा. हा तो नव्हता. हा तिने आयुष्यात कधी ऐकलेलाच नव्हता. हा दाराआडचा होता, रोज तिकडेच राहणारा, घरी कधी न आलेला.

"रडतंस कित्याक?" सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज धड नव्हता. "माकापण ठावक नव्हता गो, ते थयसर असे बोलतत म्हणान."

चंपाबाईंनी डोळे पुसले. "बाळ, परत लाव रे."

"लावतो ना, काकू. थोडं मागे घेतो."

"पुरतं मागे घे," कुंडलिकराव म्हणाले, "शकु निघते तिथपासून. पाहुण्यांनी तिचं जाणं नीट बघितलं नाही."

संध्याकाळी मुलुंडला पोचल्यावर सुलक्षणा दारातच वाट बघत होती. "मिळाले आजोबा? कसे बोलायचे?"

नलिनीने चपला काढल्या. खिडकी लावली, पडदा ओढला. मुलीला जवळ बसवलं आणि तिच्यापुढे, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"बोल ना, आई."

नलिनीने मान हलवली. बोट काढलं नाही. पोरगी आधी चुळबुळली, मग हसली, मग हळूहळू गप्प झाली. आईचे डोळे समोरच्या रिकाम्या फरशीवर लागले होते. तिथे काहीतरी येणार असल्यासारखे. सुलक्षणाही वाकून तिथे बघायला लागली. बघता बघता तिने श्वास रोखला.

तेव्हा नलिनी बोलली.